पाणी बदलू नका, गाळा!

उन्हाळा सुरू झाला की आपल्या पूलच्या गेटवर एक पाटी लागते. "पाणी बदलण्याच्या कामासाठी पूल बंद राहील." (पूल म्हणजे पोहण्याचा बरं का! आमच्या सिव्हिल ब्रँचमध्ये पूल म्हटलं की आधी ब्रिजच डोळ्यांपुढे येतो.) पाटी लागली की मेसमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, हे घाण पाणी सोडून द्या आणि नवीन भरा. दुसरी म्हणते, बदलायचं कशाला, अजून दोन डबे क्लोरीन टाका, होईल साफ! दोन्ही पार्ट्या ताटातली भाजी संपेपर्यंत भांडतात. पण पूलच्या मागे पंप हाऊसमध्ये ज्या दोन निळ्या टाक्या उभ्या आहेत, त्यांचं नाव कोणी काढत नाही. त्या टाक्यांत वाळू आहे, आणि ती वाळू त्या गढूळ पाण्यासाठीच तिथे ठेवलेली आहे. हा लेख त्या वाळूविषयी आहे.

आधी थोडा हिशोब करू. आपला पूल २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद. उथळ बाजूला एक मीटर, खोल बाजूला दोन मीटर, म्हणजे सरासरी दीड मीटर खोली. गुणाकार केला तर सुमारे ४६९ घनमीटर, म्हणजे ४ लाख ६९ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सत्तेचाळीस टँकर! शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असा पाणीपुरवठ्याचा नियम आम्ही शिकतो. त्या हिशोबाने दोन्ही हॉस्टेलमधली मिळून पाचशे मुलंमुली धरली, तर हे आपलं सगळ्यांचं एका आठवड्याचं पाणी झालं. आणि ज्या महिन्यात पूल गढूळ होतो, त्याच महिन्यात हॉस्टेलच्या नळाला सकाळी एकच तास पाणी असतं, हे मी वेगळं सांगायला नको.

अजून एक तुलना सांगते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेले होते. "जलदूत" म्हणून ती गाडी सगळ्या पेपरांत गाजली. तिची पहिली खेप दहा वाघिणींची होती आणि तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे आपण पूल एकदा रिकामा करतो, तेव्हा जवळजवळ तेवढी एक अख्खी गाडी गटारात सोडतो!

आता कोणी म्हणेल, मग राहू दे ना थोडं गढूळ. पोहायचंच तर आहे, प्यायचं कुठे आहे? इथे मात्र मी सिरियस होणार आहे. पूलचं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे याचं पहिलं कारण सौंदर्य नाही आणि रोगराईसुद्धा नाही. पहिलं कारण म्हणजे बुडणारा माणूस दिसला पाहिजे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात वर करून ओरडत नाही. बऱ्याचदा तो आवाज न करता खाली जातो, आणि लाइफगार्डकडे फार थोडा वेळ असतो. तळ दिसत नसेल तर कितीही तयारीचा लाइफगार्ड खुर्चीत बसवा, त्याचा उपयोग शून्य. २०११ च्या जूनमध्ये अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्यातल्या फॉल रिव्हर या शहरात एका सरकारी पूलमध्ये एक महिला बुडाली. पाणी इतकं गढूळ होतं की ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. पूल पुढे दोन दिवस चालू राहिला, लोक येऊन पोहून गेले, आणि मग ती सापडली. ही गोष्ट वाचल्यापासून मी आपल्या पूलमध्ये उतरण्याआधी खोल बाजूच्या तळाची जाळी दिसते का ते बघते. जाळीच्या फटी वेगवेगळ्या दिसल्या तर उतरायचं, नुसता काळा डाग दिसला तर नाही. तुम्हीही बघत जा, पाच सेकंदांचं काम आहे.

बरं, पाणी गढूळ होतं म्हणजे नक्की काय होतं? पाण्यात बारीक कण तरंगत राहतात आणि उजेड सरळ जाऊ न देता इकडेतिकडे उधळतात. कण कशाचे, तर आपल्याच कृपेचे! अंगावरची मृत त्वचा, घाम, क्रीम, केसांचं खोबरेल तेल, ग्राउंडवरून पायांना लागून आलेली माती. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी वावटळ उठली की धूळ वेगळी. क्लोरीन कमी पडलं तर शेवाळाचे सूक्ष्म कण, त्यांच्यामुळे हिरवी झाक येते. आणि एक कण असा आहे की जो आपण पैसे देऊन विकत आणतो, तो म्हणजे ब्लीचिंग पावडरमधला चुना. ब्लीचिंग पावडरचा काही भाग पाण्यात विरघळतच नाही. शिवाय तिच्यामुळे पाण्याचा पीएच वाढतो, आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात पीएच वाढला की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून पाणी दुधासारखं होतं. त्यामुळे "अजून दोन डबे टाका" पार्टीला माझं एवढंच सांगणं आहे की तुमच्या डब्यांनी कधी कधी पाणी अजून पांढरं होतं!

मग काही जण म्हणतात, दोन दिवस पंप बंद ठेवा, गाळ खाली बसेल. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये स्टोक्सचा नियम आपण सगळ्यांनी पाठ केला आहे (आणि व्हायव्हाच्या दिवशी विसरलो आहे). तो इथे लावून पाहा. मातीचा पाच मायक्रॉनचा कण असेल तर तो तासाला नऊ-दहा सेंटीमीटर खाली जातो, म्हणजे दीड मीटर जायला सोळा-सतरा तास. ठीक आहे, चालेल. पण सूत्रात व्यासाचा वर्ग आहे! एक मायक्रॉनचा कण घेतला तर वेग पंचवीस पटीने कमी होतो, आणि तेच दीड मीटर जायला त्याला सोळा दिवस लागतात. तेही पाणी अजिबात न हलता. उन्हाने पाणी तापतं, वाऱ्याने हलतं, शेवाळाचे कण तर पाण्याइतकेच हलके. थोडक्यात काय, तर नुसती वाट बघून तळ दिसणार नाही.

म्हणून वाळू.

वाळूतून पाणी गाळणे ही काही नवी आयडिया नाही. स्कॉटलंडमध्ये पेझ्ली गावात जॉन गिब याने १८०४ मध्ये आपल्या कापड धुण्याच्या कारखान्यासाठी वाळूचा फिल्टर बांधला आणि जास्तीचं पाणी गावात विकलं. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन याने लंडनच्या चेल्सी वॉटर कंपनीसाठी मोठा फिल्टर बांधला. पण वाळूची खरी परीक्षा झाली १८९२ मध्ये, जर्मनीत. एल्ब नदीच्या काठी हँबुर्ग आणि अल्टोना ही दोन शहरं एकमेकांना अगदी चिकटून होती. हँबुर्ग नदीचं पाणी न गाळता प्यायचं. अल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हँबुर्गचं सगळं सांडपाणी मिसळलेलं पाणी त्याच्या वाट्याला यायचं, पण ते वाळूतून गाळलेलं असायचं. त्या वर्षी कॉलरा आला तेव्हा हँबुर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसं गेली आणि अल्टोना बऱ्यापैकी वाचलं. रॉबर्ट कॉकने याचा अभ्यास केला, आणि त्यानंतर वाळूच्या फिल्टरविरुद्ध बोलायला कोणाकडे फारसं काही उरलं नाही.

अर्थात अल्टोनाचा फिल्टर आणि आपल्या निळ्या टाक्या यांच्यात मोठा फरक आहे. तो संथ फिल्टर होता. त्यात पाणी तासाला दहा-वीस सेंटीमीटर वेगाने उतरायचं आणि वाळूच्या वरच्या थरात जिवाणूंची एक साय धरायची, ती साय रोगजंतू खायची. आपल्या टाकीत पंपाच्या दाबाने पाणी तासाला तीस मीटर वेगाने जातं. तिथे साय वगैरे काही धरत नाही. आपली वाळू कण पकडते, मारायचं काम क्लोरीनचं. ही कामाची वाटणी लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

आता टाकीच्या आत काय आहे ते पाहू. वरून पाणी आत येतं, खाली साधारण अर्धा मिलीमीटर जाडीच्या क्वार्ट्‌झ वाळूचा थर, त्याखाली जाड खडी, आणि तळाला बारीक फटी असलेले पाइप. पाइपांतून गाळलेलं पाणी परत पूलमध्ये जातं. बस, एवढंच! हलणारा एकही भाग नाही.

मला स्वतःला या वाळूची एक गोष्ट फार आवडते. आपल्याला वाटतं की ती चाळणीसारखी काम करते, म्हणजे भोकापेक्षा मोठा कण अडकला, लहान गेला. पण अर्ध्या मिलीमीटरचे दाणे एकमेकांना टेकले की मधली फट सुमारे सत्तर-ऐंशी मायक्रॉनची राहते, साधारण आपल्या केसाच्या जाडीची. आणि पाणी गढूळ करणारे कण आहेत एक ते वीस मायक्रॉनचे. मांजर जाईल एवढ्या दरवाज्यातून मुंगी अडवायची म्हणण्यासारखं झालं हे! तरीही वाळू अडवते. कशी? तर कण फटीत अडकत नाही, तो दाण्याला चिकटतो. पाणी दाण्यांच्या भोवती वळणं घेत जातं, वळणावर कण दाण्याला घासतो आणि तिथेच बसतो. आणि चिकटायला जागा किती आहे ते ऐका. एक घनमीटर वाळूत दाण्यांचा एकूण पृष्ठभाग काढला (सहा गुणिले शून्य पूर्णांक सहा, भागिले व्यास, करून पाहा), तर उत्तर येतं ७२०० चौरस मीटर. म्हणजे मोटरसायकलच्या पार्किंगइतक्या जागेत उभ्या असलेल्या टाकीत एक फुटबॉलचं मैदान घडी घालून ठेवलेलं आहे!

पण चिकटण्यात एक अडचण आहे. मातीचा कण पाण्यात ऋणभारित असतो. शेवाळाचा कणही ऋणभारित. आणि वाळूसुद्धा ऋणभारितच! सारखे भार एकमेकांना ढकलतात हे आपण आठवीत शिकलो. म्हणून बारीक कण एकमेकांना चिकटत नाहीत, वाळूलाही नीट चिकटत नाहीत, आणि टाकीतून फेरी मारून पुन्हा पूलमध्ये हजर होतात. "फिल्टर चालू आहे तरी पाणी साफ होत नाही" ही जी तक्रार असते, तिच्यामागे पुष्कळदा हेच असतं. फिल्टर बिचारा चालू असतो, पण कणांना तिथे थांबायचंच नसतं.

इथे आपल्या आजीची तुरटी येते. आजी माठात तुरटीचा खडा फिरवायची, ते विज्ञानच होतं. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन धनभार असतात. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत शुल्झ-हार्डीचा नियम आहे, तो म्हणतो की कणांचा भार मोडण्याची आयनाची ताकद त्याच्या भारासोबत प्रचंड वाढते. तीन भारांचा आयन हा एक भाराच्या आयनापेक्षा शेकडो पटीने प्रभावी. भार मोडला की कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात. पुंजका मोठा झाला की स्टोक्ससाहेब पुन्हा आपल्या बाजूला येतात, कारण व्यासाचा वर्ग! जो कण सोळा दिवस घेणार होता, तो पुंजक्यात बसून एका रात्रीत तळाला जातो. आणि जे पुंजके तरंगत राहतात, ते वाळूत सहज अडकतात.

तुरटी किती टाकायची? आपल्याकडे याला नेहमी "अंदाजे" असं उत्तर मिळतं. साधारणपणे हजार लिटरला तीस ते पन्नास ग्रॅम म्हणतात, म्हणजे आपल्या पूलला चौदा ते चोवीस किलो. पण आपल्या एन्व्हायर्नमेंटल लॅबमध्ये जार टेस्टचं मशीन आहे ना! सहा जारमध्ये पूलचंच पाणी घ्यायचं, प्रत्येकात वेगळा डोस टाकायचा, ढवळायचं, अर्धा तास ठेवायचं. ज्या सगळ्यात कमी डोसला वरचं पाणी नितळ होतं, तो आपला डोस. जर्नलमध्ये आकडे कॉपी करण्यापेक्षा हे प्रॅक्टिकल जास्त मजेचं होईल असं माझं मत आहे (सरांनी हलकेच घ्यावे). एक मात्र पाहावं लागतं. तुरटी पाण्यातली अल्कलिनिटी खाते, एक मिलिग्रॅम तुरटीला साधारण अर्धा मिलिग्रॅम. त्यामुळे पीएच खाली येतो. आणि पीएच आधीच आठच्या वर असेल तर ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं, पुंजके धरत नाहीत, तुरटी वाया जाते. म्हणून आधी पीएच सात ते साडेसातच्या दरम्यान आणायचा, मग तुरटी.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा, तो म्हणजे वेळ. आपले दोन्ही पंप मिळून तासाला सुमारे ७८ घनमीटर पाणी फिरवतात. म्हणजे पूलएवढं पाणी फिल्टरमधून जायला सहा तास लागतात. याला टर्नओव्हर म्हणतात. लोकांना वाटतं, सहा तासांत सगळं पाणी गाळून झालं. नाही! कारण गाळलेलं पाणी परत त्याच गढूळ पाण्यात मिसळतं, आणि पुढच्या क्षणी पंप त्यातलंच थोडं गाळलेलं पाणी पुन्हा ओढतो. गेज आणि बिडवेल या दोघांनी १९२६ मध्ये याचं गणित मांडलं. पहिल्या टर्नओव्हरला ६३ टक्के घाण निघते, दुसऱ्याला एकूण ८६, तिसऱ्याला ९५, चौथ्याला ९८. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, ६३ टक्के हा आकडा ओळखीचा वाटला ना? तुमच्या आरसी सर्किटचा टाइम कॉन्स्टंटच आहे हा! फक्त इथे टाउ म्हणजे सहा तास.

हेही फिल्टर एका फेरीत प्रत्येक कण पकडतो असं धरून. खऱ्या आयुष्यात त्याने निम्मे कण पकडले तर दुप्पट वेळ लागेल, म्हणजे ९८ टक्क्यांसाठी दोन दिवस आणि दोन रात्री सलग. आणि आपल्याकडे पंप किती चालतो? सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. चार तासांत अगदी आदर्श फिल्टर असला तरी निम्मी घाण तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साठ-सत्तर जण नवीन घाण घेऊन हजर! यात वाळूचा काय दोष? रात्री अकराला मेसची शेगडी बंद करतात तसा पूलचा पंप बंद करून चालत नाही.

विजेचं बिल वाढेल म्हणाल. तोही हिशोब करू. पाच हॉर्सपॉवरचे दोन पंप म्हणजे साडेसात किलोवॅट. तीन दिवस अखंड चालवले तर ५४० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी ५४०० रुपये. आता सत्तेचाळीस टँकरचे पैसे तुमच्या गावच्या भावाने तुम्हीच काढा!

फिल्टर चालवण्यातलं खरं कौशल्य मात्र बॅकवॉशमध्ये आहे. (याला मराठी शब्द काय, यावर आमच्या रूममध्ये अर्धा तास चर्चा झाली. "उलट धुलाई" असा शब्द निघाला, पण तो पोलीस स्टेशनचा वाटतो म्हणून बॅकवॉशच ठेवला.) वाळू कणांनी भरत गेली की पाण्याला वाट कमी होते आणि टाकीवरच्या गेजचा काटा चढतो. स्वच्छ वाळूचा जो आकडा असेल, त्यापेक्षा अर्धा ते पाऊण किलो दाब वाढला की पंप बंद करून मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं हँडल बॅकवॉशवर फिरवायचं आणि पंप सुरू करायचा. आता पाणी खालून वर जातं, वाळूचा थर फुगून उकळल्यासारखा हलतो, दाणे एकमेकांवर घासतात आणि चिकटलेली घाण वरून गटारात जाते. काचेच्या नळीत आधी चहासारखं पाणी दिसतं, दोन-चार मिनिटांत ते नितळ होतं. मग पुन्हा पंप बंद, हँडल रिन्सवर, अर्धा-एक मिनिट. रिन्स केलं नाही तर टाकीत उरलेली घाण सरळ पूलमध्ये जाते आणि सगळे म्हणतात, बॅकवॉश केल्यावर पाणी अजून बिघडलं! पंप चालू असताना हँडल फिरवायचं नाही, आतली रबरी सील जाते. दोन्ही टाक्यांच्या बॅकवॉशला मिळून एखाद्या टँकरच्या आसपास पाणी लागतं. सत्तेचाळीसपुढे एक.

बॅकवॉश कधी करायचा यावर आमच्या पूलच्या काकांचं एक वाक्य आहे. मी विचारलं, "काका, दर सोमवारी करता का?" ते म्हणाले, "ताई, वार बघून नाही, काटा बघून." पुस्तकातही हेच लिहिलं आहे, फक्त दोन पानं घेऊन. गंमत म्हणजे फार वेळा बॅकवॉश करणं हेही चुकीचं. थोडी मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा चांगली गाळते, कारण आधी चिकटलेले कण नंतर येणाऱ्यांना पकडतात. आपल्या हॉस्टेलमधल्या जीन्सचं समर्थन मी यावरून करत नाहीये!

तर समजा उद्या पूल गढूळ झाला. पोहणं बंद करायचं, हे पहिलं. भिंती आणि तळ ब्रशने घासायचे, म्हणजे चिकटलेलं शेवाळ सुटतं. पीएच तपासून दुरुस्त करायचा आणि क्लोरीन नीट मुरू द्यायचं. पीएच साडेसातला क्लोरीनचा सुमारे अर्धा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, आठला जेमतेम पाव. म्हणजे पीएच न बघता टाकलेल्या चार डब्यांतले तीन जवळजवळ फुकट. संध्याकाळी जार टेस्टने ठरवलेली तुरटी बादलीत विरघळवून सगळीकडे शिंपडायची, पंपाने थोडा वेळ फक्त फिरवायची (फिल्टरला बायपास करून, त्यासाठी व्हॉल्व्हवर वेगळी खूण असते), आणि मग रात्रभर पंप बंद. सकाळी तळाला राखाडी गालिचा दिसतो. तो सक्शन स्वीपरने हळूहळू ओढून थेट गटारात काढायचा, वाळूत नाही. नाहीतर एवढा चिखल एकदम येऊन टाकी तुंबते. घाईघाईने ब्रश फिरवला तर गालिचा उडतो आणि रात्रीची मेहनत पाण्यात, अक्षरशः! त्यानंतर व्हॉल्व्ह फिल्टरवर, पंप अखंड, आणि काट्यावर नजर. पहिल्या दिवशी दोन-तीनदा बॅकवॉश लागेल. साधारण तिसऱ्या दिवशी खोल बाजूची जाळी दिसायला हवी.

हे सगळं काकांनी करायचं आहे, आपण नाही. क्लोरीनच्या डब्यांशी खेळ नको. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीएच्या गोळ्या एकत्र केल्या तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू निघतो. एकच मग दोन्हीकडे वापरणं, एवढ्यानेही हे होऊ शकतं.

वाळूची स्तुती खूप झाली, आता तिच्या मर्यादाही सांगते. कामाची वाटणी आठवते ना? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा पूल सगळ्या जगासमोर हिरवागार झाला होता. तिथे चुकून पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं गेलं, त्याने क्लोरीन निकामी केलं आणि शेवाळाला रान मोकळं मिळालं. शेजारच्या स्पर्धेच्या पूलमधलं तर जवळजवळ ३७ लाख लिटर पाणी त्यांना ऐनवेळी बदलावं लागलं, कारण कलात्मक जलतरणात परीक्षकांना पाण्याखालचं दिसायला हवं होतं आणि गाळत बसायला वेळ नव्हता. क्लोरीनशिवाय वाळू हरते. उलट नुसतं क्लोरीनही हरतं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा चार ते सहा मायक्रॉनचा एक परजीवी आहे, त्याच्यामुळे जुलाब होतात. पूलच्या नेहमीच्या क्लोरीनमध्ये तो दहा दिवससुद्धा जगू शकतो, आणि तुरटी न वापरता वाळूतून तो सहज निसटतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून हाच निसटला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. म्हणून ज्याला जुलाब झाले आहेत त्याने पूलमध्ये उतरायचंच नाही, मेसच्या रविवारच्या फीस्टनंतर तर नाहीच नाही.

आणि आपल्या हातातलं एक काम. पूलमध्ये उतरण्याआधी साबण लावून अंघोळ. शॉवरखाली तीन सेकंद उभं राहून बाहेर येणं म्हणजे अंघोळ नव्हे. विशेषतः आम्हा मुलींनी आणि तेल लावणाऱ्या मुलांनीही, तेल लावलं त्या दिवशी केस धुऊन कॅप घालावी. तेल वाळूच्या दाण्यांना एकमेकांशी चिकटवतं, त्याचे लाडू होतात, लाडू बॅकवॉशने फुटत नाहीत. मग पाणी लाडवांना टाळून बाजूच्या मोकळ्या वाटेने न गाळताच निघून जातं. गेजवर सगळं ठीक दिसतं आणि पूल मात्र गढूळच. असं झालं की टाकी उघडून वाळू हाताने बघण्याशिवाय इलाज नाही. दाणे सुटे आणि धारदार असतील तर वाळू चांगली. गुळगुळीत, तेलकट किंवा चुन्याने दगड झालेली असेल तर बदलायची. साधारण पाच-सात वर्षांनी ती बदलतातच.

आपल्या दोन टाक्यांपैकी एक नंबरचं गेज चालू आहे. दोन नंबरचा काटा पंप बंद असतानाही एक किलोवरच उभा असतो, म्हणजे तो बिघडला आहे, आणि काकांना त्या टाकीचा बॅकवॉश अंदाजाने करावा लागतो. नवीन गेज हार्डवेअरच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतं. ते फेब्रुवारीतच बसवलं आणि पंप रात्री चालू ठेवायची रेक्टर सरांनी परवानगी दिली, तर या वर्षी पाटी लावायची वेळ येते का ते बघू. जार टेस्टसाठी टी. ई. सिव्हिलची आमची बॅच तयार आहे, पाण्याचे कॅन आम्हीच उचलून आणू.